वैजूच्या भुवया

"तू फक्त तिच्या तोंडाकडं बघ, मी टोचते," आत्याबाई म्हणाल्या आणि पोलक्याला अडकवलेली सुई त्यांनी काढली.

दुपारची वेळ. दार लोटून आतून कडी लावलेली. विडीवालीच्या घराला भरदुपारी कडी म्हणजे गल्लीला चघळायला विषय, पण त्या दिवशी आम्ही लावली होती. माझी वैजू तरटावर कुशीवर झोपली होती. डोक्याशी तंबाखूचं सूप, पायाशी ओल्या फडक्यात गुंडाळलेली टेंभुर्णीची पानं. नऊ वर्षांची पोर. तिचा हात बाहेर आला होता आणि त्याच्या दंडावर तो चट्टा होता, पांढुरका, रुपयाएवढा. दुसरा गालावर होता.

"आत्याबाई, राहू द्या," मी म्हणाले.

"राहू देते. मग बस जन्मभर झुरत."

सासूपुढं गप्प बसणारी मी नव्हे, हे आमच्या अख्ख्या सिन्नरात कुणालाही विचारा. लग्न होऊन आले तेव्हापासून आमचं दोघींचं सुपाला सूप लागायचं. पण त्या दुपारी मी मुकाट तरटाच्या कडेला बसले.

त्यांनी सुई चट्ट्यावर टेकवली आणि दाबली. मी वैजूच्या तोंडाकडं बघत होते. पापणीसुद्धा हलली नाही. त्यांनी आणखी दाबली. रक्ताचा बारीक ठिपका वर आला. पोर तशीच पडून होती, हातसुद्धा मागे घेतला नाही तिनं.

आत्याबाईंनी सुई पोलक्याला परत अडकवली. तीन खेपा लावावी लागली. मग भिंतीला टेकून खाली बसल्या आणि त्यांची छाती घरघर वाजायला लागली. त्यांना दमा होता, तंबाखूच्या खकाण्यानं तो जास्तच उठायचा.

"बधिर हाये," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "सगुणे, रगतपिती हाये ही."

महारोग. आमच्या बाजूला जुनी माणसं त्याला रगतपिती म्हणत. मी पदराचा बोळा तोंडात धरला, कारण भिंतीला भिंत लागून शेजारीण होती आणि तिचे कान लांब होते.

त्याचं असं झालं होतं. वैजूचं अंग लहानपणापासून खरखरीत. कोपराच्या आणि गुडघ्याच्या खोबणीत तिला खाज सुटायची आणि खाजवून खाजवून तिथली कातडी जाड, काळपट झाली होती. ते आमच्या सवयीचं झालं होतं. लिंबाचा पाला लाव, खोबरेल लाव, दिवस ढकल. पण त्या वर्षी हे चट्टे उठले आणि भुवया जायला लागल्या. नाकाकडची अर्धी भुवई जागेवर, पुढची विरळ, आणि टोकाला तर नुसती कातडी. शेजारची पारूबाई एकदा विडीची पानं मागायला आली आणि हसत म्हणाली, "पोरीच्या भुवया काय उंदरानं खाल्ल्या का गं?" ती हसली, मीही हसले, आणि ती जाताच आत जाऊन भडाभडा ओकले. कारण भुवया कोणत्या रोगात जातात ते मला आत्याबाईंनी आदल्याच रात्री सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून शाळेत पाठवताना मी वैजूला काजळानं भुवया काढायला लागले. गालाच्या चट्ट्यावर पावडर. "आई, मी काय तमाशात जाते का?" ती विचारायची. मी म्हणायचे, "गप बस, चांगली दिसतेस."

आणि तिचा पेला मी वेगळा केला. पितळेचा होता, त्याच्या कडेला लाल दोरा बांधला. आमच्या घरात तसंही कुणी भांड्याला ओठ लावत नसे. वरून धार सोडून प्यायची, ही आत्याबाईंची शिस्त, आणि ती मोडली की दिवसभर बोलणी. तरीही मी दोरा बांधला. भीती माणसाला काय काय करायला लावते.

भीती नुसत्या रोगाची नव्हती. आम्ही विड्या वळणाऱ्या. विडी माणूस तोंडात धरतो. ह्या घरात महारोग आहे एवढी कुजबुज कारखान्यात पोचली असती तरी आमच्या विड्या कुणी हातात धरल्या नसत्या. माझ्या नवऱ्याची ट्रकची फेरी, महिन्यातून चार दिवस घरी. घर चालायचं ते माझ्या आणि आत्याबाईंच्या बोटांवर. म्हणून तर वैजूलाही आम्ही धाकात ठेवलं होतं. सुपाजवळ बसून खाजवायचं नाही. अंगाचा कोंडा तंबाखूत पडला आणि कारखान्याच्या चेकरनं पाहिला की अख्खं बंडल छाटात, म्हणजे फुकट. झोपताना हलायचं नाही, हात लागून सूप उपडं होतं. "हललीस तर हात बांधून ठेवीन," मी तिला म्हणायचे. सगळ्याच विडीवाल्या पोरांना असंच म्हणतात, त्यात नवं काही नव्हतं.

त्या दुपारी आत्याबाई पहिल्यांदा सगळं बोलल्या. त्यांच्या आईची एकच गोष्ट त्या आजवर सांगायच्या, तीसुद्धा खुशीत असल्या की. "माझी आई गरीब, पण तिची नखं बघावी. आरशासारखी चकचकीत. सावकाराच्या बायकोलाही तशी नव्हती." एवढंच. पुढं विचारलं की म्हणायच्या, लवकर गेली.

"लवकर न्हाई गेली," त्या आता म्हणाल्या. "लवकर घालवली. अंगावर चट्टे, भुवया गेलेल्या. गावानं वढ्याच्या पल्याड खोप बांधून दिली. मी तेव्हा वैजूएवढी. भाकरी न्यायची, दगडावर ठेवायची, लांब उभं ऱ्हायचं. मी लांब गेल्याबिगर ती भाकरीला हात लावायची न्हाई." त्यांना धाप लागली. "एका पावसाळ्यात वढा उतरला तवा खोपीत गेलेली सापडली."

मी वैजूकडं बघितलं. ती झोपेत तोंड उघडं टाकून श्वास घेत होती, नेहमीसारखी.

"माझ्या रक्तातून आलंय तिला," आत्याबाई म्हणाल्या. "माझ्या भावाचा मळा हाये अकोल्याच्या अंगाला. तिथं कुणी येत न्हाई. मी नेते तिला. मीच ऱ्हाते तिच्यासंगं. तिला एकटी न्हाई सोडायची मी. तू हितं सांग, आजीबरोबर शेतात गेली."

"आणि शाळा? लग्न? आणि मी?"

"सगुणे, आत्ता झाकलं तर झाकंल. उद्या बोंबाबोंब झाली तर तुझ्या डोळ्यादेखत हाकलतील तिला."

मला त्यांचा राग आला असता तर बरं झालं असतं. पण त्या म्हातारपणी पोरीबरोबर खोपीत जाऊन राहायला तयार झाल्या होत्या, त्यांच्यावर रागवायचं तरी कसं?

"डॉक्टरला दाखवल्याशिवाय मी पोर हलवू देणार नाही," मी म्हणाले.

"दवाखान्यात नाव लिहितात. नाव लिहिलं की गावात आलं."

"मग नाशिकला जाऊ. तिथं आपल्याला कोण कुत्रं ओळखतंय?"

त्या म्हणाल्या, "नाव खोटं सांगायचं. आणि डॉक्टरनं होय म्हटलं, की तिथूनच अकोल्याची गाडी धरायची. घरी यायचं न्हाई." मी मान हलवली. पोरीचे दोन फ्रॉक मी पिशवीत भरले.

गल्लीत सांगितलं, देवीला जातो. सकाळच्या एस.टी.नं नाशिक गाठलं. स्टँडच्या मागे एका बाईंचा दवाखाना होता, पाटीवर कातडीचे रोग असं लिहिलेलं मी मागे एकदा वाचलं होतं. बाहेर बसलेल्या माणसानं नाव विचारलं. आत्याबाईंनी ठोकून दिलं, "मंजुळा शेळके, गाव येवलं." वैजूनं माझ्याकडं बघितलं. मी तिचा हात दाबला.

बाकावर बसलो. एस.टी.त आत्याबाईंची धाप वाढली होती. वैजू तळहातानं नाक खालून वर घासत होती, ती तिची लहानपणापासूनची खोड. मी तिला दर वेळी हाताला चापट मारायचे. त्या दिवशी मारली नाही. आता किती दिवस ती माझ्या हाताशी राहणार होती?

"मंजुळा शेळके," तो माणूस ओरडला. कुणी उठलं नाही. "येवल्याच्या मंजुळा शेळके." आम्ही दोघी आपल्या बसून. शेवटी वैजूनंच माझा पदर ओढला. "आई, मी मंजुळा आहे ना?"

सबनीस डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, चष्मा गळ्यात दोरीला लटकवलेला. मी चट्टा दाखवायला वैजूची बाही वर करत होते, तर त्या म्हणाल्या, "थांबा. आधी तिला खिडकीपाशी येऊ दे." आणि चष्मा लावून त्यांनी तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं.

खूप वेळ नुसतं बघत होत्या. मग "हं," म्हणाल्या.

बोटानं त्यांनी तिच्या डोळ्याखालची कातडी हलकेच ताणली. तिथं दोन घड्या होत्या, म्हाताऱ्या माणसाला असतात तशा, आणि त्याखाली काळं. मी कधी नीट बघितलंच नव्हतं. "हं," पुन्हा. मग नाकावर आडवी एक बारीक रेघ होती, तिच्यावर बोट फिरवलं. तेवढ्यात वैजूनं तळहातानं नाक खालून वर घासलं, आणि डॉक्टरीणबाई चक्क हसल्या. माझ्या पोरीचा जन्म जळायला निघाला होता आणि ही बाई हसत होती. मला त्यांच्या डोळ्यांवरचा चष्मा फेकून द्यावासा वाटला.

"हे काय लावलंय?" त्यांनी कापसाला तेल लावून माझं काजळ पुसलं. भुवया उघड्या पडल्या. आत्याबाईंनी डोळे मिटून घेतले. मी दाराकडं बघितलं, बाहेर कुणी ऐकत तर नव्हतं.

"भुवया कधीपासून गेल्या?"

"दिवाळीपासून."

"हं." त्यांनी तिचे तळहात उलटून बघितले, रेघांवर रेघा, जणू दहा जणींचं नशीब एकाच हातावर. दंडाच्या मागं हात फिरवला, तिथं किसणीसारखी खरखर. कोपराची जाड कातडी चिमटीत धरली. एकेक जागा बघून झाली की एक "हं", आणि मी मनात एकेक दार लागताना ऐकत होते. शेवटी मला राहवेना.

"बाई," मी म्हणाले, "काय ते एकदाच सांगा. आम्हाला इथूनच परस्पर जायचंय."

"कुठं जायचंय?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं, आत्याबाईंकडं बघितलं, पायाशी ठेवलेल्या पिशवीकडं बघितलं. डॉक्टर माणूस, त्यांच्या ध्यानात आलं असणार.

"तुम्हाला महारोग वाटतोय," त्या म्हणाल्या.

आत्याबाई बोलल्या, "सुई टोचून बघितली बाई. बधिर हाये."

डॉक्टरीणबाईंनी कापसाची वात वळली, टोकाला अगदी पातळ केली. "बाळा, डोळे मीट. मी जिथं हात लावीन तिथं बोट ठेवायचं." वैजूनं डोळे मिटले. कापूस गालाच्या चट्ट्याला लागला न लागला, तिचं बोट तिथं. दंडाच्या चट्ट्याला लागला, बोट तिथं. कोपराला, मनगटाला, बरोबर तिथंच. चट्ट्याच्या अगदी मधोमध, माशीचा पाय लागावा एवढाच कापूस टेकवला, तर म्हणाली, "गुदगुल्या होतात."

मी आत्याबाईंकडं बघितलं. त्यांचं तोंड उघडंच राहिलं होतं.

"पण सुईला हलली न्हाई ती," त्या म्हणाल्या. "रगत आलं तरी न्हाई. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं."

डॉक्टरीणबाई वैजूसमोर स्टुलावर बसल्या. "आजीनं सुई टोचली तेव्हा तू झोपली होतीस?"

"नाही."

"मग दुखलं नाही तुला?"

"खूप दुखलं."

"मग हलली का नाहीस?"

वैजूनं माझ्याकडं बघितलं, बोलू का नको अशी. "मला वाटलं, मी हलते का ते आजी बघतीय. हलले असते तर सूप सांडलं असतं. मग आई म्हणाली असती विड्या छाटात गेल्या." थोडं थांबून ती म्हणाली, "मी जीभ दातात धरली होती."

माझ्या डोळ्यांसमोरचं सगळं पाण्यात गेलं. ज्या गोष्टीनं आमची पोर आमच्या हातातून जाणार होती, ती तिनं आमची शाबासकी मिळवायला केली होती. मी तिला ओढून पोटाशी धरलं. तिचं डोकं माझ्या कमरेला लागलं तशी ती म्हणाली, "आई, खाजवू का थोडं?"

डॉक्टरीणबाई पुन्हा हसल्या, आणि ह्या वेळी मला ते हसणं देवाचं वाटलं.

"ऐका आता," त्या म्हणाल्या. "हा महारोग नाही. हा इसब आहे. खाजेचा रोग. हे पांढुरके चट्टेही त्याचेच. त्याच्या खुणा मी चट्टा बघायच्या आधीच तिच्या तोंडावर वाचल्या. डोळ्यांखालच्या ह्या घड्या, हे काळं, नाक घासून पडलेली रेघ. भुवया कुणी खाल्ल्या नाहीत, तिनं स्वतः चोळून चोळून घालवल्यात. येतील परत. आणि एक लक्षात ठेवा, महारोगाचा चट्टा सहसा खाजत नाही. ही पोर खाजेनं हैराण आहे." मग आवाज जरा कडक झाला. "आणि महारोग असता, तरी आज त्याच्या गोळ्या मिळतात, माणूस पुरता बरा होतो. घरातून काढायचं कारण नसतं. कळलं का, येवल्याच्या शेळकेबाई?"

मी मान खाली घातली. "सिन्नर," मी म्हणाले. "ही वैजयंता."

"घरात धूळ कसली आहे?"

"तंबाखूची. आम्ही विड्या वळतो."

"तिला सुपापासून लांब झोपवा. अंग खरखरीत होऊ देऊ नका, मलम देते. आणि तिची नखं कापा. बघा जरा तिची नखं." त्यांनी वैजूची बोटं उजेडात धरली. "कशी चकाकतात. रात्रंदिवस अंगावर घासून घासून अशी होतात. पॉलिश केल्यासारखी. ज्याला सारखी खाज असते, त्याच्या नखांवरून कळतं."

मी बघत होते वैजूच्या नखांकडं. माझं लक्षच नव्हतं. खोलीत घरघर ऐकू येत होती, ती एकदम थांबली, तेव्हा मी वळले. आत्याबाईंनी श्वास रोखला होता.

"हे घराण्यात चालत येतं," डॉक्टरीणबाई सांगत होत्या. "कुणाला इसब, कुणाला दमा. आजी, तुमचा दमा त्यातलाच दिसतो. तुमच्या डोळ्यांखालीही त्याच घड्या आहेत. तुमच्या आईवडिलांत कुणाला होतं का?"

आत्याबाई इतक्या बारीक आवाजात बोलल्या की मला तो त्यांचा वाटलाच नाही.

"माझी आई रातभर खाजवायची. झोपू द्यायची न्हाई आम्हाला. भुवया अशाच गेल्या होत्या." त्यांनी वैजूचा हात डॉक्टरीणबाईंच्या हातातून आपल्या हातात घेतला. "तिची नखं लई चमकायची बाई."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, एवढंच. त्यांनी चष्मा काढला.

"आजी, बघितल्याशिवाय मी काही सांगू शकत नाही."

"नका सांगू," आत्याबाई म्हणाल्या.

अकोल्याची गाडी समोरून गेली तेव्हा आम्ही सिन्नरच्या रांगेत होतो. मग गाडीत खिडकीशी वैजू, मध्ये आत्याबाई, कडेला मी. सगळ्या वाटेत त्यांनी वैजूचा हात सोडला नाही. आपला अंगठा तिच्या एकेका नखावरून फिरवत होत्या, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मग परत पहिल्यापासून.

मोहदरीचा घाट चढताना त्या एकदाच बोलल्या, माझ्याकडं न बघता.

"आईला कवा ऱ्हावलं न्हाई की म्हणायची, भागू, जरा जवळ ये गं, वेणी घालते तुझी. मी लांबूनच न्हाई म्हणायची."

मी त्यांच्या मांडीवर हात ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ठेवला असेल.

घरी पोचलो. पारूबाई दारातच होती. "देवी पावली का?" तिनं विचारलं. "पावली," मी म्हणाले आणि कडी न लावता दार सताड उघडं टाकलं.

आत्याबाईंना धाप लागली होती. त्या माठापाशी गेल्या. फळीवर आमचे पेले एका रांगेत होते आणि लाल दोऱ्याचा एका बाजूला, एकटा. त्यांनी तोच उचलला, भरला, आणि ओठ लावून प्यायला लागल्या. धार सोडून नाही, लहान मूल पितं तसं, दोन्ही हातांनी धरून.

वैजू बघतच राहिली. "आजी, तो माझा पेला आहे. उष्टा आहे. मी चोरून ओठ लावते त्याला."

"ठाऊक हाये," आत्याबाई म्हणाल्या, आणि पेला रिकामा होईपर्यंत त्यांनी तो तोंडापासून काढला नाही. मग खाली बसल्या, पाय पसरले, आणि म्हणाल्या, "इकडं ये वैजे. अशी जवळ बस. वेणी घालते तुझी."